इंजिन थंड होईपर्यंत

"पोह्यांना डिझेलचा वास लागला म्हणायचं तर आपणच वाईट," वहिनी कढईकडे बघत पुटपुटली. "आठ महिने रोज सकाळी हेच. घरघर आणि धूर. आजचा एक दिवस सोडला असता तर काय बिघडलं असतं?"

मी तिच्या कोपराशी कोथिंबीर निवडत बसले होते. आमचं स्वयंपाकघर एवढं लहान की पुटपुटलेलंही शेजारचीला ऐकू येतं, आणि मग तिला न ऐकल्यासारखं करावं लागतं. खिडकीबाहेरच्या रिकाम्या प्लॉटवर दहा चाकी ट्रक उभा होता. इंजिन चालू होतं आणि ड्रायव्हरच्या जागेवर माझा भाऊ बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. समोर काही नाही, नाल्याची भिंत आहे.

"काल जेवताना 'बरं' म्हणाले ना? तू ऐकलंस ना, शशी?"

"ऐकलं."

"मग?"

मी कोथिंबिरीची आणखी एक काडी उचलली. काल जेवताना दादाची सून मयुरा म्हणाली होती, "बाबा, उद्या सकाळी गाडी चालू नका करू हं. नीरजभैया गिऱ्हाईक घेऊन येणारेत." दादा "बरं" म्हणाला होता आणि त्याने ताकाची वाटी तोंडाला लावली होती. जेवण झाल्यावर मयुराने खुंटीवरची किल्ली काढून आपल्या खोलीत नेली. दुसरी किल्ली दादाच्या कोटात असते हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. ती मागायला कुणी गेलं नाही.

जगन्नाथदादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आमचे वडील रेल्वेत होते. भुसावळहून बदली होऊन झाशीला आले आणि परत बदली मागायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं. अशा रीतीने आम्ही झाशीचे झालो. मराठी घरात, हिंदी फाटकाबाहेर, आणि बुंदेली भाजीवाल्याशी. दादाने अठ्ठावीस वर्षं रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनं उघडली आणि मिटली. पण सुट्टीच्या दिवशी त्याला न्यायला यायचे ते ट्रकवाले. कुणाला जुना ट्रक विकत घ्यायचा असला की तो फाटकाशी येऊन उभा राहायचा. "काकाजी, एक बार देख लो." काकाजी पायजम्यावर शेडचा जुना शर्ट चढवायचे आणि जायचे.

दादाची रीत ठरलेली होती. बाकीचे मिस्त्री गेल्या गेल्या सेल्फ मारून इंजिन सुरू करायला सांगत. दादा आधी केबिनमध्ये चढायचा, इंजिनावरचं झाकण उचलायचा आणि तळहात आत घालून लोखंडावर ठेवायचा. थंड लागलं तर पुढची तपासणी. कोमट लागलं तर तो हात पुसायचा, मालकाला नमस्कार करायचा आणि चालू लागायचा. कारण सांगायचा नाही, भाव विचारायचा नाही. मालक मागे धावत यायचे, "अरे, अभी पेट्रोल पंप तक गए थे बस." दादा वळून बघत नसे.

का, ते त्याने मला एकदा लोणच्याची फोड चोखत सांगितलं होतं. तापलेलं इंजिन बोट लावताच सुरू होतं. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा, गेलेला दाब, सगळं त्या उबेत झाकून जातं. रात्रभर गार पडलेलं इंजिन पहिल्या सेल्फला किती खोकतं, कोणत्या रंगाचा धूर सोडतं, त्यावर त्याचं खरं वय कळतं. म्हणून खोट असलेला माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तासभर चालवून ठेवतो. "पावडर लावून बसवलेली मुलगी," दादा म्हणाला होता. मला बघायला आलेल्यांपैकी तिघे त्याच्याच ओळखीतले होते, त्यामुळे ही उपमा मला कधी आवडली नाही. पण रीत खरी होती. झाशीबाहेर बिजौलीत ट्रकांची वर्कशॉपं आहेत, तिथल्या अर्ध्या मिस्त्र्यांनी ती त्याच्याकडून उचलली आहे.

आणि आता तोच दादा आपला ट्रक विकायच्या दिवशी सकाळी इंजिन तापवत बसला होता.

ट्रक खरं तर त्याचा नाही. निशांतचा. निशांत म्हणजे दादा-वहिनीचा एकुलता मुलगा, मयुराचा नवरा. छत्तीस वर्षांचा होता. गेल्या जूनमध्ये गिट्टी उतरवून परत येताना एका ढाब्यावर थांबला आणि केबिनमध्येच त्याचं हृदय थांबलं. मीही एवढंच सांगते, कारण घरात एवढंच सांगितलं जातं. खरं तर एवढंही नाही. घरात आम्ही 'ते झालं' म्हणतो. 'ते झालं त्याच्या आधी शिलाई मशीन दुरुस्त करून आणली होती.' 'ते झाल्यापासून यांना भात पातळ लागतो.' डॉक्टरांनी वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं की काहीच करता आलं नसतं. मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने तेच सांगितलं. आम्हीही एकमेकींना तेच सांगत आलो.

ट्रक नीरजने आणून प्लॉटवर लावला. दुसऱ्या दिवसापासून दादा सकाळी उठून त्यात बसू लागला. विचारलं तर म्हणायचा, "बॅटरी उतरते."

वारस म्हणून कागद मयुराच्या नावावर झाले. ती इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे. नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला जागा मिळाली. तिची बहीण तिथेच राहते. जानेवारीत रुजू व्हायचं होतं. "ट्रक असा उभा टाकून कशी जाऊ? सही माझी लागणार," असं म्हणून तिने मुदत वाढवून घेतली. आता एक मार्च ही शेवटची तारीख, आणि आज चोवीस फेब्रुवारी. त्यानंतर हॉस्पिटलवाले दुसरी नर्स घेणार होते, तसं पत्रच आलं होतं. ट्रक विकला तर मयुरा सुटणार होती. नाही विकला तर एकतीस वर्षांची ही मुलगी आमच्यासारख्या तीन म्हाताऱ्यांच्या घरात सकाळ-संध्याकाळ पातळ भात शिजवत राहणार होती, आणि काही दिवसांनी तिला त्याची सवयही झाली असती. मला त्या सवयीची भीती होती. ती कशी लागते ते मी जाणते.

आधी दोन गिऱ्हाइकं आली होती. एक ललितपूरचं, एक दतियाचं. दोघांनी आपापले मिस्त्री आणले, मिस्त्र्यांनी झाकण उचलून हात लावला आणि नमस्कार करून निघून गेले. दादा पायरीवर बसून बघत होता. दुसऱ्याच्या मिस्त्र्याने तर जाताना त्याच्या पायांना हात लावला. मग बिजौलीत बोललं जाऊ लागलं की काकाजींच्या स्वतःच्या गाडीतच दम नाही. मलाही तेच वाटत होतं. इंजिन गेलं असणार आणि मुलाच्या गाडीचं नाव खराब होऊ नये म्हणून हा माणूस जन्मभराची अब्रू त्यावर पांघरतोय. एकदा धीर करून मी विचारलं होतं, "दादा, इंजिनात काही आहे का रे?"

"काही नाही," तो म्हणाला होता. त्यापुढे मी बोट घातलं नाही.

आठ वाजता इंजिन बंद झालं. साडेआठला नीरजची मोटरसायकल फाटकाशी आली.

नीरज निशांतच्या वर्गातला. शाळेत गणितात दोघेही सारख्याच वेळा नापास झाले. दादाने त्याला हाताखाली घेऊन इंजिन शिकवलं. आता बिजौलीत त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. त्याला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र शब्द जिथून मिळेल तिथून उचलतो. त्याच्या मागे बसून आला तो गिऱ्हाईक, कमलापत कुशवाहा. बरुआसागरचा, आल्याची शेती, पन्नाशीचा, डोक्याला मफलर. सुताराने घडवल्यासारख्या एवढ्या रेखीव मिशा मी बऱ्याच दिवसांत पाहिल्या नव्हत्या.

"राम राम कक्का," तो दादाला म्हणाला. "नीरज कहत ते के आपकी गाड़ी है तो देखबे की जरूरतई नइयां. पर हमने कई, देख तो लें."

"देखना ही चाहिए," दादा म्हणाला.

नीरज केबिनमध्ये चढला. आम्ही तिघी दाराशी. वहिनीच्या हातात अजून झारा होता. उघड्या दारातून नीरज झाकण उचलताना दिसला, मग त्याचा हात आत गेला.

तो लगेच बाहेर आला नाही. हात लावायला किती वेळ लागतो? गरम की गार, एवढंच तर बघायचं असतं. नीरज मात्र हात तिथेच ठेवून बसला, पाठ आमच्याकडे करून. त्याच्या मानेवरून मला कळलं.

"काए, का हो गओ?" कमलापतने खालून विचारलं. "तातो है का?"

नीरज खाली उतरला. खिशातून फडकं काढून त्याने बोटं एकेक करून पुसली. मला वाटलं हा आता खोटं बोलेल. बोलला असता तर मी त्याला जन्मभर आशीर्वाद दिला असता. एक शब्द, 'ठंडा है', आणि मयुराची पेटी भरली गेली असती.

"काका," तो दादाकडे बघून म्हणाला, "गरम आहे."

"मग रीत काय आहे?"

"काका, तुम्ही तर..."

"रीत काय आहे, नीरज?"

"निघून जायचं."

"मग जा," दादा म्हणाला.

रागाने नाही. मला धक्का बसला तो त्याच्या आवाजाने. त्या आवाजात सुटका होती. शाळेची घंटा झाल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर येते तशी. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा काहीही झाकत नव्हता. येणारा प्रत्येक मिस्त्री त्याच्याच रीतीत तयार झालेला. इंजिन कोमट लागलं की पाय मागे घेणार. दुसऱ्या कुणाच्या दारात हे चाललं नसतं. आमच्या दारात चाललं, कारण तपासणारे सगळे त्याचे होते.

मयुराला हे कधी कळलं होतं कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ती पायरी उतरून पुढे गेली.

"भाईसाब, रुकिए. ठंडा होने में कितना टाइम लगेगा, नीरजभैया?"

"चार घंटे तो पकड़ो, भाभी. लोखंड आहे."

"भाईसाब, चार घंटे बैठ सकेंगे? पोहे बने हैं. जेवण पण करून जा... खाना भी खाकर जाइए. मुझे एक तारीख तक जाना है. फिर कोई साइन करने वाला नहीं रहेगा."

कमलापतने मफलर सोडला, ट्रककडे पाहिलं, आमच्या ओसरीतल्या खाटेकडे पाहिलं. "हओ," तो म्हणाला. "बैठ जैहैं. घरे कौन सो काम धरो है."

दादा पायरीवर जाऊन बसला. गिऱ्हाइकाने इंजिन थंड होईपर्यंत बसायचं म्हटलं तर त्याला उठवावं, अशी काही रीत त्याने केलेली नव्हती.

मग आम्ही सगळे बसलो. इंजिन थंड व्हायची वाट बघत बसायचं म्हणजे काय करायचं ते कुणाला माहीत नव्हतं. पोहे झाले. त्यांना डिझेलचा वास नव्हता, वहिनीने तरी दोनदा विचारलं, "वास तर नाही ना येत?" कमलापतने तीन वेळा घेतले. चहा झाला. त्याने आल्याच्या भावाबद्दल सांगितलं, तळ्याचं पाणी यंदा कुठवर आहे ते सांगितलं, दलालांच्या आयाबहिणींबद्दल सांगता सांगता आम्ही बसलोय हे आठवून थांबला. नीरज मोबाइलमध्ये डोकं घालून होता, पण त्याचा अंगठा हलत नव्हता. मयुरा तारेवरचे कपडे काढून घड्या घालत होती. मला वाटतं ते ओलेच होते.

दादा दर अर्ध्या तासाने उठायचा, केबिनमध्ये चढायचा, हात लावायचा आणि परत येऊन पायरीवर बसायचा. कुणी विचारत नव्हतं, तो सांगत नव्हता.

"गाड़ी चलात को हतो?" कमलापतने सहज विचारलं. "स्टेरिंग तो बड़ो साफ है. कोऊ ने बड़े जतन से राखी."



"मेरे पति," मयुरा म्हणाली.

"अब नईं चलात?"

घड्या घालणारे हात थांबले. वहिनीने पदर सारखा केला. शेवटी नीरजच मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "नहीं. अब नहीं चलाते."

"अच्छो करो," कमलापत खाटेवर रेलत म्हणाला. "ई धंधे में अब कछू नईं धरो. आदमी घर को रत न घाट को. घरे रैहैं, बच्चन में रैहैं, ओई अच्छो."

कुणीच त्याचा गैरसमज दूर केला नाही. दादाने फक्त एकदा मयुराकडे पाहिलं. आठ महिन्यांत त्याने तिच्याकडे इतका वेळ पाहिलेलं मला आठवत नाही. काहीतरी विचारायचं असलेल्या माणसासारखं. पण मग तो उठून हात लावायला गेला.

साडेबारा झाले तेव्हा तो परत आला नाही. केबिनच्या पायरीवर उभा राहूनच म्हणाला, "नीरज, ये."

"तुम्हीच सांगा ना, काका. तुमचा हात..."

"गिऱ्हाईक तुझं आहे. हात तुझा."

नीरजने हात लावला. या वेळी लगेच काढला. "ठंडा."

त्यानंतरचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही, आणि मला इंजिनातलं काही कळत नाही. नीरजने एकदा सेल्फ मारला आणि ते उचललं. एक धक्का, आणि सुरू. पहिला धूर पांढुरका आला, दहा-बारा श्वास घ्यावेत इतक्या वेळात निवळला. धुराच्या नळीच्या तोंडात बोट फिरवून त्याने कमलापतला दाखवलं. कोरडी काजळी, तेलाचा चिकटा नाही. मग चालू इंजिनावरचं तेलाचं झाकण काढून उलटं करून तसंच भोकावर ठेवलं. ज्याच्या रिंगा गेल्या ते इंजिन आतून वाफा फेकतं, झाकण उडवून लावतं. याला 'बॅक मारणं' म्हणतात. झाकण जागच्या जागी थोडं थरथरलं आणि बसून राहिलं, एखाद्या शहाण्या मुलासारखं. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून नीरजने ते सहा ठिकाणी ऐकलं. दर ठिकाणी डोळे मिटून. दादाही असाच डोळे मिटायचा. ऐकताना नीरजचा खालचा ओठ किंचित पुढे येत होता, तोही दादाचाच.

"काय म्हणतं?" दादाने लांबूनच विचारलं.

नीरजने पेचकस कानावरून काढला. "एकसारखं, काका. सहाही. त्याने काय जपलं होतं यार... कंपनीतून निघाल्यासारखं."

दादाने मान हलवली. शेडमध्ये कुणी काम नीट केलं की तो अशीच मान हलवत असे. शाबासकी द्यायची त्याची तेवढीच पद्धत.

मग चालवून बघायला नीरज आणि कमलापत ट्रक घेऊन बिजौलीच्या रस्त्याला गेले. आठ महिन्यांत पहिल्यांदा प्लॉट रिकामा झाला. ट्रक उभा होता तेवढ्या जागेत गवत नव्हतं, मातीवर तेलाचा एक डागही नव्हता. वहिनी त्या जागेच्या कडेला जाऊन उभी राहिली. आत पाय टाकेना.

"ऊन आहे," मी म्हटलं.

"असू दे."

दादा आत जाऊन कागदांची पिशवी घेऊन आला आणि पायरीवर बसला. त्याला गाडी परत येताना आमच्या आधी ऐकू आली. वळणावर गिअर बदलला तेव्हाच तो उठला होता.

कमलापत स्वतः चालवत होता. ट्रक जागेवर लावून त्याने मिशांतून हसून खिडकीतून हात बाहेर काढला. "कक्का, हम तो लैहैं. हमें कछू नईं सोचने." आणि किल्लीकडे हात नेला.

"अरे रुको, एकदम बंद नहीं करना," खाली उतरलेला नीरज सवयीने बोलून गेला. "टर्बो वाली है. दौड़ के आई है ना, दो मिनट ऐसे ही चलने दो. एकदम बंद करोगे तो तेल रुक जाता है और अंदर वो घूमता रहता है, जल जाता है. दो मिनट, फिर बंद. काका ने..."

तो तिथेच थांबला.

"अच्छा, अच्छा," कमलापत म्हणाला. त्याने सीटवर पाठ टेकली, मफलरने तोंड पुसलं आणि ऊन लागत होतं म्हणून डोळे मिटले. इंजिन एका लयीत चालत राहिलं.

आता मला ते सांगावंच लागेल. त्या दिवशी निशांतनेही ढाब्यावर गाडी लावून इंजिन चालू ठेवलं होतं. तो नेहमीच ठेवायचा. दोन मिनिटं. दादाने त्याला गाडी घेतल्या दिवशी शिकवलं होतं आणि त्याने ती दोन मिनिटं कधी चुकवली नव्हती. ढाब्यावरच्या लोकांना हे माहीत होतं. मराठा भैया टर्बो ठंडी कर रहा है, असं ते हसून म्हणायचे. त्या दिवशीही म्हणाले. मग त्यांना वाटलं डोळा लागला असेल. उन्हाची वेळ, ट्रकवाले झोपतातच. इंजिन चालू असल्यामुळे माणूस जागेवर आहे, ठीक आहे, असंच वाटत राहिलं. चालू इंजिनाच्या गाडीचं दार कोण ठोठावतं? दीड तासाने कुणीतरी डिझेल फुकट जातंय म्हणून हाक मारायला गेलं.

वहिनी प्लॉटच्या कडेवरून निघाली. त्या रिकाम्या जागेत आता ट्रक होता, तरी ती सरळ चालत गेली आणि दारावर तळहाताने मारू लागली. धाडधाड, पत्रा वाजेपर्यंत.

"उतरिए भैया. उतरिए. नीचे उतरिए आप."

कमलापत दचकून उठला. काय चुकलं ते त्याला कळेना. "का हो गओ, बाई?" म्हणत तो दार उघडून खाली आला आणि जोडे शोधल्यासारखा इकडेतिकडे बघत राहिला. नीरजने त्याचा दंड धरून त्याला फाटकाकडे नेलं. केबिन रिकामी होती, इंजिन चालू होतं. वहिनीचा हात लाल झाला होता. मयुराने तो आपल्या हातात घेतला, नर्स घेते तसा, मनगटाशी.

दादा तिथे आला. कागदांची पिशवी त्याने मयुरापुढे धरली, पण सोडली नाही. इंजिनाच्या आवाजामुळे त्याला थोडं मोठ्याने बोलावं लागलं.

"घे. गाडी दिली त्यांना. चांगला माणूस आहे, सांभाळेल. तू तुझ्या तारखेला जा."

"बाबा..."

"जायच्या आधी एक सांग. तू गेल्यावर या घरात मला सांगणारं कुणी नाही, यांना कळत नाही त्यातलं. ती दोन मिनिटं मी शिकवली होती."

"अहो," वहिनी म्हणाली, "डॉक्टर म्हणाले ना, काहीच करता..."

"तुला नाही विचारत, इंदू." तो वहिनीकडे वळलासुद्धा नाही. "मयुरा, तू त्याचे रिपोर्ट वाचलेस. मी बघितलंय तुला वाचताना. त्या लोकांनी लगेच दार उघडलं असतं तर?"

मयुराने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवायला हवी होती. नको सांगूस, अशी. आठ महिने आम्ही तेच तर केलं होतं. माझी मान हलली नाही. त्या माणसाने हजार लोकांच्या दारात उभं राहून, त्यांना आवडो न आवडो, गाडीचं खरं सांगितलं होतं, आणि त्याला मात्र आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ कोमट काहीतरी देत आलो होतो.

मयुराने वहिनीचा हात सोडला. पिशवीचं दुसरं टोक धरलं.

"वाचला असता, बाबा," ती म्हणाली.